दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं, तर पायलटचं लायसन्स जातं का?

एखादा पायलट ब्रेथ टेस्टमध्ये अडकल्याची बातमी आली की कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न पडलेला असतो. 'विमानाचं सोडा, हा माणूस रस्त्यावर कार चालवताना पिलेला सापडला असता तर त्याला विमान उडवू दिलं असतं का?'

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर तुम्ही कुठल्या देशात आहात त्यावर बदलतं. अमेरिकेत रस्त्यावरच्या केसचा आणि पायलटच्या लायसन्सचा थेट संबंध कायद्यात लिहून ठेवलाय. भारतात तसा थेट संबंध नाही. म्हणून काही लोक 'काही होत नाही रे' म्हणून मोकळे होतात आणि घोटाळा तिथेच होतो. लायसन्स जात नाही, पण करिअर अडकायला इतर चार-पाच दरवाजे आहेत.

आता हा विषय वाशिम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावाच्या नजरेतून बघू. रिसोड तालुक्यातलं गाव. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, मग इथे पायलटचा विषय कशाला? तर विदर्भात हे क्षेत्र आता तितकं लांबचं राहिलेलं नाही. गोंदियाजवळ बिरसीला पायलट ट्रेनिंगची संस्था आहे, नागपूरचा फ्लाइंग क्लब जुना आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि तिथेच एअर इंडियाने आपल्या पायलट ट्रेनिंग संस्थेची घोषणा केलीय. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय १८ पूर्ण, २०० तासांचं उड्डाण, परीक्षा आणि मेडिकल, एवढं जमलं की कमर्शियल पायलट लायसन्स मिळतं. खर्च मात्र चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. सोयाबीनच्या भावाकडे बघून घर चालवणाऱ्या कुटुंबाने कर्ज काढून किंवा वावर विकून पोराला पायलट केलं असेल, तर एका रात्रीच्या केसने काय होऊ शकतं हे त्या घराला आधी माहीत असायला हवं.

समजा, असाच केनवडचा एक पोरगा. ट्रेनिंग संपलंय, हातात लायसन्स आहे, एअरलाइनच्या मुलाखती चालू आहेत. मित्राच्या लग्नाला रिसोडला गेला, रात्री थोडी घेतली आणि एमएच-३७ पासिंगची कार घेऊन गावाकडे निघाला. रस्त्यात नाकाबंदी लागली.

रस्त्यावर काय होतं?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५ लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत.

हेल्मेट नसल्यासारखी ही पावती फाडून सुटण्याची केस नाही. तडजोड शुल्क भरून जे गुन्हे मिटतात त्यांच्या यादीत कलम १८५ नाही. कोर्टात उभं राहावंच लागतं.

आणखी दोन गोष्टी बऱ्याच लोकांना माहीत नसतात. अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर त्या माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. हे कलम २०२ मध्ये स्पष्ट लिहिलंय. आणि 'मी फुंकणारच नाही' असं म्हणून सुटका होत नाही. योग्य कारण नसताना टेस्ट नाकारली, तर तो नकारच कोर्टात तुमच्या विरोधात वापरता येतो, कलम २०५.

मशीनचा किंवा रक्ताचा रिपोर्ट इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात आहे. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या अपघाताच्या प्रकरणात चालकाच्या तोंडाला दारूचा वास होता, पण रक्ताची तपासणी झालेली नव्हती. नुसता वास आणि अशा वरवरच्या लक्षणांवरून माणूस नशेत होता असं धरता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि सगळं राज्य हादरलं, ते यामुळेच. या गुन्ह्यात सगळी केस त्या एका नळीवर उभी असते.

दोषी ठरलं की ड्रायव्हिंग लायसन्सवर गदा येतेच. कलम २० नुसार कोर्टाने किमान ६ महिने अपात्र ठरवायचं असतं. कोर्टाच्या आधीही पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन कारवाईसाठी आरटीओकडे पाठवू शकतात.

आणि हे सगळं कोणाला इजा झाली नसेल तर. अपघातात कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेची कलमं येतात. निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६, आणि दारूच्या प्रकरणात पोलीस अनेकदा सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ सुद्धा लावतात. मग विषय दहा हजारांच्या दंडाचा राहत नाही.

विमानाचा कायदा काय म्हणतो?

इथे लोक दोन गोष्टींची सरमिसळ करतात. बातम्यांमध्ये आपण जे वाचतो, 'पायलट तीन महिन्यांसाठी निलंबित' वगैरे, ते रस्त्यावर सापडल्याबद्दल नसतं. ते ड्युटीआधीच्या टेस्टमध्ये सापडल्याबद्दल असतं.

एअरक्राफ्ट रूल्स १९३७ चा नियम २४ सांगतो की उड्डाणाच्या आधीच्या १२ तासांत क्रूने दारू किंवा गुंगीचं काही घेतलेलं नसावं. जुना १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला, तरी ही नियमांची चौकट कायम आहे. त्यावर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, सविस्तर नियमावली आहे. मशीनवर आकडा ०.००० यायला हवा. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. टेस्ट टाळली तरी ती पॉझिटिव्हच धरतात.

हे नियम नव्या पोरांनाच लागतात असंही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एअर इंडियाचे तेव्हाचे ऑपरेशन्स संचालक, म्हणजे कंपनीच्या सगळ्या पायलटांचे साहेब, दिल्ली-लंडन विमान घेऊन जाण्याआधीच्या टेस्टमध्ये सापडले. आधी २०१७ मध्ये टेस्ट न दिल्याबद्दल त्यांच्यावर ३ महिन्यांची कारवाई झालेली होती. त्यामुळे ही दुसरी वेळ धरली, लायसन्स ३ वर्षांसाठी निलंबित झालं आणि संचालकपदही गेलं.

आता १२ तासांच्या नियमाबद्दल थोडं थांबून बोलू, कारण यात तरुण पायलट फसतात. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल कमी करतं. कॉफी प्या, आंघोळ करा, लिंबू चाटा, हा वेग फारसा बदलत नाही. समजा एखाद्याने रात्री १० वाजता पिणं थांबवलं आणि तेव्हा पातळी २०० होती. बारा तासांत १८० कमी झाले, सकाळी १० वाजता २० उरले. घड्याळाप्रमाणे नियम पाळला, पण मशीन शून्य दाखवणार नाही. गंमत बघा, त्याच क्षणी हा माणूस स्कूटरवर बसला तर गुन्हा होत नाही, कारण रस्त्याची मर्यादा ३० आहे. कॉकपिटकडे चालत गेला तर तीन महिने घरी.

आणि भारतातली रस्त्याची ३० ची मर्यादा ही अमेरिकेतल्या पायलटच्या मर्यादेपेक्षा कडक आहे! तिथे पायलटला ०.०४ टक्के, म्हणजे ४० मिलिग्रॅमची मर्यादा आणि ८ तासांचं अंतर आहे. ब्रिटनमध्ये क्रूसाठी २० मिलिग्रॅम. आपल्याकडे सरळ शून्य. २०२३ मध्ये तर डीजीसीएने अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि टूथ जेलसुद्धा क्रूला बंद केलं.

मग केनवडच्या पोराचं काय?

त्याची केस रस्त्यावरची आहे. नियम २४ त्याला लागत नाही, कारण तो कारमध्ये होता. रस्त्यावर पकडलं गेलात तर इतक्या दिवसांत डीजीसीएला कळवा, अशी अमेरिकेसारखी स्वतंत्र तरतूद एअरक्राफ्ट रूल्समध्ये नाही. म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी पायलट लायसन्स रद्द, असं होत नाही.

पहिला दरवाजा मेडिकलचा. कमर्शियल पायलटचं लायसन्स क्लास १ मेडिकलशिवाय नुसता कागद आहे आणि हे मेडिकल ठराविक काळाने पुन्हा करावं लागतं. भारत ज्या आंतरराष्ट्रीय मानकांना बांधील आहे त्यानुसार दारूचं व्यसन किंवा त्यातून आलेला मानसिक आजार असलेला माणूस फिट ठरत नाही. एका केसवरून कोणी व्यसनी ठरत नाही हे खरं. पण ती केस डॉक्टरसमोर आली तर पुढचे प्रश्न, तपासण्या, तज्ज्ञांकडे पाठवणं हे सगळं सुरू होऊ शकतं, आणि तोवर उड्डाण थांबतं. मग लपवावं का? तर माहिती दडवून किंवा चुकीची देऊन मिळवलेलं लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार नियम १९ मध्ये आहे. म्हणजे जी केस स्वतः लायसन्स घालवू शकत नव्हती, ती लपवल्यामुळे घालवू शकते.

दुसरा दरवाजा पासपोर्टचा, आणि माझ्या मते भारतातल्या पायलटसाठी हाच सगळ्यात मोठा. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(फ) नुसार फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, आणि त्याच कारणावरून असलेला जप्तही करता येतो. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, कोर्टाने दखल घेतल्यावर तो होतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने एक वाट ठेवलीय: ज्या कोर्टात केस आहे तिथून परवानगी आणायची. कोर्टाने मुदत सांगितली तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, नाही सांगितली तर एक वर्षाचा. आता विचार करा, ज्या पायलटला दुबई-सिंगापूर करायचंय त्याने दरवर्षी तालुक्याच्या कोर्टात अर्ज करून पासपोर्ट वाढवत राहायचं. एअरलाइनच्या रोस्टर विभागाला हे किती आवडेल ते सांगायला नको.

यातूनच एक खरा पेच तयार होतो. गावात कोणीही सांगेल, 'गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो.' कबूल केलं तर खटला संपतो, पासपोर्टची अडचण दूर होते, कारण दोषसिद्धीवरून पासपोर्ट नाकारायला नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान २ वर्षांची शिक्षा लागते. दंडाने तसं काही होत नाही. पण नावावर दोषसिद्धी कायमची बसते, ड्रायव्हिंग लायसन्स किमान ६ महिने जातं आणि पुन्हा कधी सापडला तर तो 'दुसरा गुन्हा' ठरतो. लढायचं ठरवलं तर निर्दोष सुटण्याची शक्यता उरते, पण खटला किती वर्षं चालेल याचा नेम नाही आणि तोवर प्रत्येक फॉर्मवर 'प्रलंबित गुन्हा: होय' लिहावं लागतं. यातलं काय बरं, हे रिपोर्ट बघून वकीलच सांगू शकतो. मात्र आपला अशील पायलट आहे हे वकिलाला पहिल्याच दिवशी माहीत हवं. नाहीतर तो इतर दहा केसेससारखाच कबुलीचा सल्ला देऊन मोकळा होईल.

तिसरा दरवाजा विमानतळाचा. विमानतळाच्या आतल्या भागात काम करायला प्रवेश पास लागतो आणि त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी होते. ही पडताळणी गावच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यापर्यंत येते, तिथे नाव रजिस्टरला असेल तर ते वर कळतं. चौथा दरवाजा एअरलाइन. नोकरीचा करार आणि कंपनीची स्वतःची तपासणी. शेकडो नवे लायसन्सधारक रांगेत असताना एचआर स्वच्छ फाइल आधी उचलतो, त्यासाठी कुठलं कलम लागत नाही.

अमेरिकेत शिकायला गेलेल्यांनी हे नीट वाचा

महाराष्ट्रातली बरीच मुलं अमेरिकेत जाऊन तिथल्या एफएएचं लायसन्स काढतात आणि नंतर इथे डीजीसीएचं करून घेतात. त्यांच्यासाठी गणित पूर्ण वेगळं आहे.

एफएएच्या नियम ६१.१५ नुसार दारू किंवा ड्रग्जमुळे 'मोटार व्हेइकल अ‍ॅक्शन' झाली की ६० दिवसांच्या आत लेखी कळवायचं. ही अ‍ॅक्शन म्हणजे फक्त कोर्टाची शिक्षा नव्हे. तिथल्या राज्याने प्रशासकीय कारवाईत ड्रायव्हिंग लायसन्स निलंबित केलं, तरी तीही अ‍ॅक्शनच. तिथे बरेचदा लायसन्स आधी निलंबित होतं आणि कोर्टाचा निकाल काही महिन्यांनी येतो. मुलं निकालाची वाट बघत बसतात आणि ६० दिवस निघून जातात. घटना एकच, पण पत्रं दोन द्यावी लागू शकतात. एक निलंबनानंतर, एक शिक्षेनंतर. दोन्ही एकाच घटनेची आहेत असं त्यात लिहायचं.

न कळवणं हेच लायसन्स निलंबित किंवा रद्द करायला पुरेसं कारण आहे. वेगवेगळ्या घटनांमधून ३ वर्षांत दोन अ‍ॅक्शन झाल्या तर लायसन्सवर कारवाई होऊ शकते किंवा नवं लायसन्स एक वर्षापर्यंत नाकारता येतं. स्टुडंट पायलटलाही हे लागू आहे.

आणि हे झालं फक्त सुरक्षा विभागाला कळवणं. मेडिकलचा फॉर्म वेगळा. त्यात शिक्षाच नाही, तर नुसती अटकसुद्धा विचारतात. 'सुरक्षा विभागाला पत्र दिलं होतं, मग मेडिकलवाल्यांना माहीतच असेल' असं समजून 'नाही'वर टिक करणारे याच चुकीत अडकतात, कारण ते खोटी माहिती देणं ठरतं. फॉर्म भरतानाच तुम्ही ड्रायव्हिंगची राष्ट्रीय नोंद तपासायला एफएएला संमती दिलेली असते. मशीनवर ०.१५ टक्के किंवा जास्त आलं असेल किंवा टेस्ट नाकारली असेल, तर डॉक्टरला तिथल्या तिथे मेडिकल देता येत नाही, फाइल एफएएकडे जाते. दोन वर्षांच्या आतला दारूचा गैरवापर आणि व्यसन या दोन्ही गोष्टी तिथे मेडिकल नाकारायची कारणं आहेत. मात्र परतीची वाटही त्यांनी बांधलीय. हिम्स नावाच्या कार्यक्रमातून उपचार आणि देखरेख पूर्ण करून १९७० च्या दशकापासून हजारो पायलट परत कामावर आले आहेत.

परदेशी विद्यार्थ्याला वर व्हिसाचा फटका. ड्रंक ड्रायव्हिंगमध्ये अटक झाली की अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, शिक्षा होण्याची वाट न बघता. तेव्हा लगेच देश सोडावाच लागतो असं नाही, पण सुट्टीला घरी आलात की परत जायला नवा व्हिसा लागतो, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो. शिवाय इथे लायसन्स बदलून घेताना डीजीसीए मूळ देशाकडून त्याची खातरजमा करतं. तिथे कारवाई झालेली असेल तर ती मागे राहत नाही.

सापडलंच तर

टेस्ट नाकारू नका. रिपोर्टची आणि वैद्यकीय तपासणीच्या कागदाची प्रत मागून घ्या, त्यावर वेळ लिहिलेली आहे का ते बघा. ड्रायव्हिंग लायसन्स घेतलं असेल तर त्याची पोच घ्या. वकिलाला पायलट असल्याचं सांगा आणि कबुली देण्याआधी पासपोर्टची मुदत कधी संपते ते तपासा, कारण नूतनीकरण तोंडावर असेल तर कोर्टाची परवानगी आधीच मागता येते. पुढचं मेडिकल, पासची पडताळणी किंवा नोकरीचा अर्ज, जिथे प्रश्न विचारलाय तिथे खरं उत्तर आणि सोबत कोर्टाचे कागद. जिथे विचारलेलं नाही तिथे आपणहून कथा सांगत बसायची गरज नाही.

आणि गाडी चालवायला मित्राला दिली, मित्र पिलेला होता आणि तुम्ही शेजारी बसला होता, तर? कलम १८५ चालवणाऱ्यावर लागतं. पण गाडी तुमच्या नावावर असेल आणि हा पिलाय हे माहीत असून चावी दिली असेल, तर पोलीस प्रश्न तुम्हालाही विचारणार.